फळीला हात लावण्यापूर्वी

पांडुरंगा, ही फळी तुझ्यापुढे ठेवते आहे. सात फूट लांब, तीस इंच रुंद, अडीच इंच जाड. वाळून झाली, साल उतरली, आता घोड्यांवर आडवी आहे. हिचं जेवणाचं टेबल करायचं आहे. एकदा रंधा फिरायला लागला की मन मापांत गुंतेल, म्हणून जे आठवायचं ते आधी आठवते आणि जे मागायचं ते आधीच मागून घेते.

सावता माळ्याला तू मळ्यात भेटलास, गोरोबांना चाकापाशी, नरहरी सोनारांना ऐरणीपाशी, सेना महाराजांना धोपटीपाशी. ज्याच्या हाताला जे काम, तिथे तू आलास. मिशिगनमधलं हे गॅरेज पंढरपुरापासून अर्ध्या पृथ्वीवर आहे. इथेही ये. एका कोपऱ्यात बर्फ उपसायची फावडी आहेत, दुसऱ्या कोपऱ्यात मुलीची सायकल, आणि मधे हे लाकूड. तुला उभं राहायला जागा आहे.

आधी झाडाचं स्मरण करू दे. ते व्हाइट ॲशचं झाड होतं, मागच्या अंगणात, कुंपणाला लागून. वसंतात बाकीच्यांच्या मागून पालवायचं आणि शरदात पिवळं होता होता जांभळ्यावर जायचं. त्याच्या चपट्या, एकपंखी बिया गिरक्या घेत शेजारच्या अंगणात उतरायच्या. याच लाकडाचे फावड्यांना आणि कुदळींना दांडे बसवतात, याच्याच बेसबॉलच्या बॅटी होतात, कारण हे लाकूड धक्का सोसतं आणि सहजी मोडत नाही. आम्ही या घरात आलो तेव्हा ते आमच्याहून जुनं होतं. त्याने आमच्याकडे कधी काही मागितलं नाही. उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर दुपारभर सावली धरली.

डेट्रॉइटच्या आसपासच्या वसाहतींत ॲश एवढे का होते, तेही तू पाहिलं आहेस. आधी इथल्या रस्त्यांवर एल्म होते. दोन्ही बाजूंनी वाढून माथ्यावर एकमेकांना भेटायचे. १९३० च्या सुमारास युरोपातून आलेल्या लाकडाबरोबर एल्मचा बुरशीरोग अमेरिकेत शिरला आणि पुढच्या काही दशकांत रस्तेच्या रस्ते उघडे पडले. लोकांनी त्यांच्या जागी ॲश लावले. लवकर वाढतात, थंडी सोसतात, फारशी निगा लागत नाही. पुन्हा एकाच जातीच्या रांगा उभ्या राहिल्या. मग २००२ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटजवळ एक झळझळीत हिरव्या पाठीचा, अर्ध्या इंचाएवढा भुंगेरा ओळखला गेला. एमराल्ड ॲश बोरर. मूळचा पूर्व आशियातला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. मेलेल्या झाडांची वर्तुळं तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी पुढे दाखवलं की सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधी, १९९० च्या दशकापासूनच, तो कँटन-वेस्टलँडच्या परिसरात पोसला जात होता. ज्या कँटनमध्ये आज इतक्या मराठी घरांत गणपती बसतात, तिथूनच ही साथ निघाली आणि ३५ हून अधिक राज्यांत पोचली. कोट्यवधी झाडं गेली.

भुंगेरा पानं खातो, पण त्याने झाड मरत नाही. मरतं ते अळीने. सालीच्या अगदी आत, जिथून झाडाचं अन्न वाहतं, तिथे ती कुरतडत वाट काढत जाते. अशा वाटा खोडाला सगळीकडून वेढून बसल्या की वरचा रस खाली पोचत नाही. आधी शेंडा वाळतो, मग खोडाच्या अंगावर जिथे-तिथे नवी फूट धडपडते, मग सुतारपक्षी अळ्यांसाठी साल सोलत सुटतात. आमच्या झाडाच्या खोडात आधीच्या मालकांनी औषध टोचून त्याला राखलं होतं. त्या औषधाचा असर दोन-तीन वर्षं टिकतो. पुढे ते टोचणं थांबलं, आणि आम्ही घर घेतलं तेव्हा शेंड्याकडची पानं विरळ झाली होती. झाडाने जितका काळ तग धरला तितका काळ तूच त्याच्या आत उभा होतास, असं मी मानते.

देवा, त्या किड्यालाही तूच घडवलंस. त्याच्या मायदेशात तिथले ॲश आणि तो एकमेकांना ओळखून आहेत. धडधाकट झाड त्याला आवरतं, तो थकलेल्या झाडावर भागवतो. त्याला इथे आणलं ते माणसांच्या व्यापाराने. त्याच्यावर माझा राग नसू दे. मलाही समुद्र ओलांडूनच इथे आणलंस. माझ्या येण्याने इथली माती, इथली माणसं, इथलं पाणी यातलं काही वाळू नये. परक्या भूमीत रुजताना कुणाचा रस तोडून मी जगू नये, एवढं माझ्याकडे लक्ष ठेव.

झाड पाडायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच्या बुंध्याला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं आणि त्यात राहणाऱ्या सगळ्यांना दुसरीकडे जायची विनंती केली. मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात जाणाऱ्याने आदल्या रात्री झाडाची पूजा करावी, नैवेद्य ठेवावा, त्यात वस्ती केलेल्या जिवांना दुसरीकडे राहायला जाण्याची प्रार्थना करावी आणि क्षमा मागावी, असं सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगून ठेवलं आहे. आपल्याकडच्या देवराईत तर कुऱ्हाडच चालत नाही. त्या रिवाजांतलं जे मला झेपलं, ते केलं. खारी गेल्या, की गेल्या नाहीत, ते तुला ठाऊक. पोखरलेला ॲश लवकर ठिसूळ होतो, फांदी कधी कडकन मोडेल याचा नेम नसतो, म्हणून तो पाडणारे लोक क्रेनच्या पाळण्यात उभे राहून वरून एकेक फांदी उतरवत आले. ते सगळे संध्याकाळी धडपणे घरी गेले. त्याबद्दल तुझे उपकार.

ही जमीन आधी कुणाची होती, हेही तुझ्यापुढे बोलून टाकते. ओडावा, ओजिब्वे, वायंडॉट आणि पोटावाटोमी लोकांकडून आग्नेय मिशिगनचा हा मोठा पट्टा १८०७ च्या डेट्रॉइट करारात घेतला गेला. आमच्या झाडाच्याच कुळातल्या ब्लॅक ॲशचा ओंडका ठोकून ठोकून त्याची वर्तुळं सुटी करायची आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणायच्या, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. किड्याने आमची सावली नेली. त्यांची तर आजीकडून नातीकडे जाणारी कला धोक्यात आली. या फळीला हात लावताना मला त्यांचा विसर पडू देऊ नकोस. त्यांच्या हातांना झाडं मिळत राहू दे.

आता उपकारांचं सांगते.

पाडलेला ॲश इथे बहुतेक यंत्रात घालून त्याचा चुरा करतात, नाहीतर सरपण होतं. आणि सरपण गाडीत घालून दूर नेलं की किडाही त्याच्याबरोबर प्रवासाला निघतो. म्हणून तळ ठोकायच्या जागांवर पाट्या असतात की जळण जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या. जिथे झाड वाढलं तिथेच त्याचं लाकूड राहावं, हेच त्यातल्या त्यात बरं. म्हणून ओंडका अंगणातच चिरायचं ठरवलं. शेजारच्या आजोबांकडे साखळी-करवतीला लोखंडी चौकट जोडलेली घरगुती गिरणी आहे. त्यांनी ती स्वतः उचलून आणली, माझ्या कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवली, डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि पहिल्या कापासाठी ओंडक्यावर एक सरळ शिडी ठोकून बसवली, कारण गोल ओंडक्याला सरळ काप हवा तर चौकट आधी कुठल्यातरी सपाट गोष्टीवरून सरकायला हवी. पुढचे काप मग त्या पहिल्या कापाच्या आधाराने होतात. कोकणात दोन करवत्ये, एक वर आणि एक खाली उभा राहून, ओंडका दिवसभर चिरायचे. इथे पेट्रोलवर चालणारं इंजिन होतं, तरी एकेका कापाला चांगला वेळ लागला. भुसा बुटांत गेला, केसांत गेला, गवतावर बोटभर थर बसला.

आणि पांडुरंगा, पहिली रुंद फळी दोघांनी उचलून बाजूला घेतली तेव्हा जे दिसलं, त्यासाठी तुझे पाय धरते. झाड उभं होतं तोवर ते लाकूड कुणीच पाहिलं नव्हतं. कडेला दुधट पांढरं, मधे फिकट तपकिरी, एका बाजूला गाठीभोवती वळून गेलेल्या रेषा. जुनी फांदी कधीकाळी तिथून निघाली होती, पुढे ती गळून गेली आणि खोडाने ती जागा आत घेतली. इतकी वर्षं अंधारात तू हे काम करत होतास. आमच्यापैकी कुणाला दाखवायचं म्हणून तू ते केलं नव्हतंस. माझ्या कामात तेवढा प्रामाणिकपणा येऊ दे. टेबलाची खालची बाजू कुणी पाहणार नाही, तीही मी वरच्याइतकीच मनापासून घासावी.

मग वाळवणं आलं. फळ्यांच्या टोकांना मेण लावलं, कारण लाकूड टोकांतून भराभर पाणी सोडतं आणि तिथेच आधी तडकतं. एकावर एक रचताना मधे इंचभर जाडीच्या पट्ट्या घातल्या, म्हणजे वारा सगळीकडून खेळेल. वर वजन ठेवलं, ऊन-पावसापासून आडोसा केला. इंचाला वर्ष, असा उघड्यावर वाळवण्याचा जुना ठोकताळा आहे. त्या काळात करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. उन्हाळे आले, बर्फ आला, वारा पट्ट्यांमधून वाहत राहिला. मिशिगनच्या हवेत बाहेर ठेवलेलं लाकूड साधारण १२ ते १४ टक्के पाण्यावर थांबतं. घरात, हिवाळ्याच्या भट्टीच्या कोरड्या हवेत, ते आणखी खाली उतरतं, म्हणून शेवटी फळी आत आणून आणखी थांबलो. घाई न करण्याची जी बुद्धी या काळात दिलीस, तिच्याइतकं मोठं दान मला क्वचित मिळालं असेल. बाकीच्या आयुष्यातही ती काढून घेऊ नकोस.

आता ही फळी पाहा. हिच्या दोन लांब कडा करवतीने सरळ केलेल्या नाहीत. झाड जिथे संपत होतं तिथेच त्या संपतात. आपण कडेपाशी बसून बोट फिरवलं तर एका जागी ती आत वळते, पुढे फुगते, गाठीपाशी उचलली जाते. साल राखायची नव्हती. किड्याने ती आतून सुटी केली होती. पटाशीचं टोक घालून हळूच उचलली की हातभर लांबीचे तुकडे आपोआप निघत आले. आणि सालीखाली जे निघालं, ते पाहून मी पटाशी खाली ठेवली. सगळ्या कडेवर अळ्यांच्या वाटा कोरलेल्या आहेत. मोडीत लिहिलेल्या जुन्या दस्तऐवजासारख्या, हात न उचलता, एकीत दुसरी गुंतत गेलेल्या. प्रत्येक वाट सुरुवातीला सुईच्या टोकाएवढी बारीक, अळी वाढत गेली तशी रुंद होत गेलेली, आणि शेवटी जिथे ती लाकडात शिरून कोषात गेली ती जागा. निघालेल्या सालीवर, त्याच जागेच्या समोर, भुंगेरा बाहेर पडल्याचं छोटं भोक, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने अर्धगोल.

या रेषा घासून टाकाव्यात की ठेवाव्यात, हा प्रश्न घेऊन मी तुझ्याकडे आले आहे. पॉलिशपेपरने पंधरा मिनिटांत जातील. पण ज्याने झाड गेलं तेच इथे लिहिलेलं आहे. घरात टेबल येईल आणि झाड कशाने गेलं हे कुणाला कळणारच नाही, असं मला नको आहे. मी त्या ठेवते आहे. फक्त खरखर काढून टाकते, मुलांच्या हाताला कुसळ लागू नये इतकं. देवा, जिथे हात थांबवायचा तिथे थांबवायला मला शिकव. सुंदर करण्याच्या नादात खरं आहे ते पुसलं जाऊ देऊ नकोस. लाकडाच्या बाबतीत आणि माणसांच्याही.

माझ्या आधी हे काम ज्यांनी केलं त्यांचंही स्मरण करते. जॉर्ज नाकाशिमा १९०५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला जन्मले. वास्तुकला शिकून ते जपानला गेले, आणि तिथून १९३७ मध्ये पाँडिचेरीला, श्री अरविंदांच्या आश्रमातली गोलकोंड ही इमारत उभी करायला. तिथे ते साधक झाले. श्री अरविंदांनी त्यांना सुंदरानंद हे नाव दिलं. १९४२ मध्ये अमेरिकेने आपल्याच देशातल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, त्यात ते, त्यांच्या पत्नी आणि तान्ही मुलगी मिरा हेही होते. आयडाहोतल्या मिनिडोकाच्या वाळवंटी छावणीत गेंतारो हिकोगावा नावाच्या जपानी सुताराने, टाकाऊ लाकडावर, त्यांना हाताची अवजारं आणि जपानी सांधे शिकवले. १९४३ मध्ये सुटून ते पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू होपला आले आणि झाडाची मूळ कड तशीच ठेवून टेबलं करू लागले. १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यांनी फर्निचर आखलं. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये त्यांनी अक्रोडाच्या प्रचंड फळ्यांचं शांततेचं टेबल ठेवलं. तशीच टेबलं पुढे रशियात आणि ऑरोव्हिललाही पोचली. १९९० मध्ये ते गेले.

देवा, कुंपणाच्या आत कोंडलेल्या माणसाला तू गुरू दिलास. आणि ज्यांनी त्याला कोंडलं त्याच देशाला त्याने शांततेचं टेबल दिलं. अन्याय झाल्यावर मन असं ठेवणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. त्यातलं कणभर तरी माझ्या आणि माझ्या लेकीच्या वाट्याला येऊ दे.

आता पुढच्या कामासाठी मागते.

माझी बोटं आणि डोळे राख. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, रंधा, पटाशी, गुण्या आणि विजेवर चालणारी छिद्रयंत्रं याच गॅरेजमध्ये झेंडूची फुलं वाहून पुजली आहेत. ज्या हाताला ती लागतात त्या हाताचं रक्षण कर.

लाकूड जिवंत होतं हे मला विसरू देऊ नकोस. वाळलेली फळीही उन्हाळ्यातल्या दमटपणात फुगते आणि हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत आकसते. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत व्हाइट ॲश वर्तुळांच्या दिशेने ७.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे ४.९ टक्के आकसतं. वाळून झाल्यावरही तीस इंची रुंदीत वर्षभरात पाव इंचाची ये-जा सहज होते. तिला घट्ट आवळून धरलं तर ती फुटेल. म्हणून खालच्या आडव्या पट्ट्यांत स्क्रूसाठी लांबट भोकं पाडायची आहेत, म्हणजे तिला सरकायला वाव राहील. एका टोकाला चीर आहे. ती राळेने भरून लपवायची नाही. मधे निमुळती आणि दोन्ही टोकांना रुंद अशी लाकडी चावी आडवी बसवायची, चीर दिसेल पण पुढे जाणार नाही. नाकाशिमांनी अशाच चाव्या वापरल्या. ज्यांना मी जवळ धरते त्यांनाही असाच वाव मला देता येऊ दे. माझ्या मुलीला मी आवळून धरू नये. तिच्या चिरा लपवू नये. त्या वाढणार नाहीत एवढाच आधार द्यावा.

शेवटी जवसाचं तेल. पातळ हाताने, थरावर थर, प्रत्येक थर मुरू देत. तेल प्यालेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेटतात, म्हणून ती तारेवर पसरून वाळवायची. या बारीकसारीक सावधगिरीतही तू आहेस. लहान कामाला कमी लेखण्याची सवय माझ्यातून काढून टाक.

आणि पांडुरंगा, जिच्यासाठी हे सगळं चाललं आहे ती गोष्ट आता मागते. या टेबलावर लोकांना जेवू घाल.

आई सांगलीहून येते तेव्हा तिला पाटावर बसता येत नाही, गुडघे वाकत नाहीत. तिला इथे ताठ बसून वरणभाताचा पहिला घास घेऊ दे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सुट्टी पडते आणि विद्यापीठातली मुलं घरी जाऊ शकत नाहीत, त्यांना इथे बोलावण्याची आठवण आम्हाला दे. शेजारच्या आजोबांची बायको गेल्यापासून ते एकटे जेवतात. त्यांच्या गिरणीने चिरलेल्या लाकडापाशी त्यांची एक खुर्ची कायमची राहू दे. इथे गृहपाठ होऊ दे, पुरणपोळ्या लाटल्या जाऊ दे, मोदकांच्या पाकळ्या काढल्या जाऊ दे. भारतातून रात्री-अपरात्री फोन येतो, आणि तिकडे पोचायला दीड दिवस लागतो, आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. अशा रात्री आमच्यापैकी जो कुणी एकटा असेल, त्याला या टेबलाशी बसून रडता येऊ दे. त्याच्या शेजारी तू बस. सकाळी त्याला इथेच चहा मिळू दे. या लाकडावर गरम भांड्याचे डाग पडतील, ओरखडे येतील, कुणा लहान मुलाचं पेन्सिलीने लिहिलेलं नाव उमटेल. पडू दे. डाग पडू नयेत म्हणून पाहुण्याला न बोलावण्याची दुर्बुद्धी आमच्या घराला कधी होऊ देऊ नकोस.

जी झाडं उभी आहेत त्यांच्यासाठीही मागणं आहे. सगळे ॲश गेले तिथेही एखादं झाड हिरवं राहिलेलं आहे. ओहायोतल्या डेलावेअरमध्ये वनखात्याचे शास्त्रज्ञ अशाच टिकून राहिलेल्या झाडांची कलमं करून नवी पिढी घडवत आहेत. २००७ पासून मिशिगनमध्ये, किड्याच्याच मायदेशातले, माणसाला न चावणारे बारीक गांधीलवर्गी कीटक सोडले जात आहेत. ते अळीवर आणि अंड्यांवर जगतात. देशभरातून गोळा केलेलं ॲशचं बी थंड कोठारांत जपून ठेवलं आहे. या सगळ्यांचे हात यशस्वी कर. आमच्या अंगणातल्या रिकाम्या जागी आम्ही ओक लावला आहे, पलीकडे सर्व्हिसबेरी, कोपऱ्यात हॅकबेरी. आमच्या गल्लीत कुणी पुन्हा एकाच जातीची रांग लावू नये. आणि तिकडे, सह्याद्रीत, जिथे जांभूळ, आंबा, हिरडा, बेहडा, कुंभा, अंजन एकमेकांच्या सावलीत उभे आहेत, तिथे ते तसेच एकत्र राहू दे.

स्वतःसाठी एवढंच मागते. या झाडाला वाढायला जितकी वर्षं लागली, निदान तितकी वर्षं हे टेबल टिकावं. मी तितकी जगणार नाही. म्हणून सांधे असे करते आहे की ते पुढे कुणालाही उघडता यावेत. डिंकाने कायमचं काही चिकटवत नाही, पाय वेगळे होतील, फळी अखंड राहील. खालच्या बाजूला झाडाचं नाव, गावाचं नाव आणि ते कशाने गेलं हे कोरून ठेवते. पुढे हे टेबल ज्यांच्याकडे जाईल ते मराठी बोलणारे असतील की नसतील मला माहीत नाही. त्यांनी हे टेबल वापरावं, आणि नको झालं तर फेकून न देता याचं बाक करावं, पाळणा करावा, देव्हारा करावा. त्या वेळी त्यांच्या हातात रंधा चालवण्याचं बळ दे, आणि लाकूड उघडल्यावर आत काय आहे ते पाहण्याची नजरही दे. आज मला दिलीस तशी.